कूलरसमोरचं गेज

सकाळपासून दहापैकी सहा केसेस गेजमध्ये अडकत होत्या आणि जीएम साहेब माझ्या मागेच उभे होते.

आमची फॅक्टरी नागपूरजवळ, विमानविरोधी तोफेचे गोळे बनवायची. मी इन्स्पेक्शनला होतो. केस म्हणजे गोळ्याची दारू भरायची पितळी नळी. गेज म्हणजे तिच्या मापाचा पोलादी साचा. रिकामी केस स्वतःच्या वजनानं टपकन आत बसली की पास. अडकली की नापास, कारण ती तोफेतही तशीच अडकणार.

ही लाइन बरीच वर्षं बंद होती. मिसाइलच्या जमान्यात तोफेला कोण विचारतो, असं सगळे म्हणायचे. मग ड्रोन आले. स्कूटरच्या किमतीचं ड्रोन पाडायला बंगल्याच्या किमतीचं मिसाइल कोणाला परवडणार? आमच्या म्हाताऱ्या तोफेची सगळ्यांना आठवण झाली. लाइन पुन्हा सुरू झाली. गेजवर कन्हानच्या शोभाताई परत आल्या. मधली वर्षं त्यांनी स्टोअरमध्ये हातमोजे वाटण्यात घालवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी गेजला हळदीकुंकू लावलं, मग मी ते पुसायला लावलं.

"हा पहिलाच लॉट नापास झाला तर लाइन बंद," जीएम म्हणाले. "शोभाताई परत स्टोअरला. केसेसच्या मशीनची सेटिंग बदलून टाका."

"सर, दुपारपर्यंत थांबा."

ते गेले. शोभाताईंनी अडकलेली केस काढली.

"मशीनले दोष देऊ नका साहेब. कालपर्यंत मस्त बसत होत्या. मंग आता काहून अडकून राहिल्या?"

"कालपासून काय बदललं?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "तुमचा कूलर आला नं."

मे महिना. त्या घामानं निथळत होत्या, म्हणून मीच मोठ्या ऐटीत खिडकीत कूलर बसवून घेतला होता. हवा नेमकी गेजवर. केसेस मात्र टिनाच्या शेडमधून ट्रॉलीत तापून येत होत्या. मी एक उचलली, हाताला चटका बसला. तापलेलं पितळ फुगतं, गार पोलाद आक्रसतं. फरक सिगारेटच्या कागदाएवढा, पण गेजला तेवढा पुरतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा धडा. मला लाज वाटली आणि हसूही आलं.

कूलर बंद केला. केसेस आणि गेज एकाच टेबलावर ठेवले आणि शोभाताईंच्या डब्यातली भाकर-चटणी खात दोन्ही सारख्या तापमानाला येण्याची वाट पाहिली. दुपारी जीएम आले. शोभाताईंनी केस सोडली. टप. दुसरी, टप. ट्रॉली संपेपर्यंत एकही अडकली नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"कूलर कोणी लावला होता?" जीएमनी विचारलं.

"मीच, सर."

"साहेबाले काही म्हणू नका," शोभाताई म्हणाल्या. "माह्यासाठी लावला होता त्यांनी. फक्त केसेसले विचारलं नाही."

जीएम इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

लॉट पास झाला. शोभाताई गेजवरच राहिल्या, कूलरही राहिला. फक्त केसेस आता आधी त्याच्यासमोर तासभर बसतात. माल नापास करण्याआधी आपण काय चांगलं करून ठेवलंय ते तपासावं, एवढंच मी नोकरीत शिकलो.