एका स्टारवरून झालेली मारामारी

दैवशालाबाईची खानावळ जालना एमआयडीसीत, सळई कारखान्यांच्या रांगेला लागून, पत्र्याच्या दोन खोल्यांत होती. नवरा गेल्यापासून आठ वर्षं ती कामगारांना भाकरी-भाजी खाऊ घालत होती. मुलगी मोनालीनं खानावळ मोबाइलच्या नकाशावर टाकली, तेव्हापासून पीठ मळून झालं की हात पुसून बाई आधी लोकांनी लिहिलेलं वाचायची. कुणी लिहिलं वरण पातळ आहे, की दुसऱ्या दिवशी वरण घट्ट.

एका मंगळवारी एकदम चौघांनी एकेक स्टार दिला. एकानं भाजीतल्या झुरळाचा फोटो टाकला होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘जेवायला बसण्याआधी मालकिणीचं आडनाव विचारून घ्या.’

तिचं घर आजोबांपासून बौद्ध. आडनाव ऐकून खोली नाकारणारे तिनं पाहिले होते, पण ते समोर उभे तरी असायचे. इथं भांडायला तोंडच सापडेना. आठवडाभरात जेवणारे निम्मे झाले.

“आई, ताट बघ,” मोनाली फोटो मोठा करत म्हणाली. “आपली ताटं स्टीलची. हे हिरवं, कप्प्याचं.”

तसली ताटं रस्त्यापलीकडच्या पप्पूच्या हॉटेलातच होती.

भरदुपारी बाई रस्ता ओलांडून गेली. पप्पू दारातल्या भट्टीपाशी भजी तळत होता. हॉटेल गच्च भरलेलं. तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. “पप्पूभाऊ, हे ताट कुणाचं हाय?”

“मला काय माहीत?”

“तुमच्या गल्ल्याजवळ थप्पी लागून राह्यली की. अन् माझं आडनाव कुणाला पाहिजे? तुम्हाला? घ्या, सगळ्यांदेखत सांगते.”

बाकावर कुणीतरी हसलं. पप्पूनं मोबाइल हिसकावून भट्टीत फेकला आणि उलट्या हातानं तिच्या तोंडात मारली. ती बाकाच्या कडेवर आदळली. पुढचा एक दात तुटून रक्ताबरोबर हातात आला. पप्पूनं तिचे केस धरले आणि तिला फरफटत बाहेर नेलं.

जेवणारे उठले, पण भिंतीला सरकून उभे राहिले. रामकिसन तेवढा रस्ता ओलांडून धावत आला. सळईच्या भट्टीवर काम करणारा हा म्हातारा बाईकडं रोज जेवायचा. “सोड तिला!” म्हणत तो पप्पूच्या हाताला झोंबला. पप्पूनं शटरची लोखंडी सळई उचलून त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज बाईनं ऐकला.

मग तिच्या हाताला भट्टीवरचा झारा लागला. पहिला फटका पप्पूच्या कानावर बसला. दुसरा कपाळावर. तो खाली कोसळला, सळई लांब गेली. तरी बाईनं तिसऱ्यांदा मारलं, दोन्ही हातांनी. तो “बास, बास” म्हणत होता. चौथ्यांदा झारा वर गेला तेव्हा मोनाली धावत आली आणि तिनं मागून आईला मिठी मारली.

पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला होता. तो पप्पू कोसळतो तिथून सुरू होत होता. त्याखाली कुणी तिला वाघीण म्हणत होतं, कुणी घाण शिव्या देत होतं.

हवालदार जबाब लिहीत असताना ओळखीचा वकील हळूच बाईला म्हणाला, “जिवाच्या भीतीनं मारलं, एवढंच बोला.”

बाईच्या ओठाला टाके होते. “पहिले दोन भीतीनं मारले,” ती म्हणाली. “तिसरा न्हाई. तिसऱ्या वक्ताला मला त्याला मारूनच टाकायचं होतं. बराबर तसंच लिहा.”

“मंग तुमच्यावर पण केस होईल, बाई,” हवालदार म्हणाला.

“होऊ द्या. खोटं लिहिणारा तो, मी न्हाई.”

केसेस दोन्हीकडून झाल्या. स्टार देणारी चारही खोटी खाती पप्पूनंच उघडलेली होती, ते तपासात निघालं. जातीवरून लिहिलेल्या ओळीचं कलमही त्याच्यावर लागलं. त्याच्या कपाळाला नऊ टाके पडले आणि डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं. रामकिसनचा हात वाकडाच जुळला, भट्टीवरचं काम सुटलं. आता तो बाईकडंच भाजी निवडतो, एका हातानं. ती त्याच्याकडं पाहायचं टाळते.

तारखेला दोघं कोर्टात एकाच व्हरांड्यात उभे राहतात. पप्पू हात वर करून नुसता डोकं खाजवतो, तरी बाई दचकून मागं सरते. आणि तिनं पदर सावरायला हात उचलला, की तोही.