खांबमामांचा कान

खांबमामा रोज सकाळी मठाच्या आठही खांबांना कान लावत. डोळे मिटून, श्वास रोखून. मग मला म्हणत, "उघड बाय, आज पडत नाय." त्यानंतरच मी लोकांसाठी दार उघडायची.

गिरीजचा हा मठ ख्रिस्ती ब्रदर लोकांनी सोडला आणि गावाने त्यात संग्रहालय केलं. रहाट, नांगर, लग्नातली लाल लुगडी, सगळं घराघरांतून आलेलं. त्यांच्या माहितीच्या पाट्या लिहायला मी गोखिवऱ्याहून जाई. मामा राखणदार, पण मूळचे सुतार. छप्पर जुनं होतं. इंजिनिअर आणायचं दर बैठकीत ठरे आणि राही. "मामा आहेत ना!" म्हणून सगळे चहा पीत. मीसुद्धा. सुरुवातीला मी सारखी वर बघत वावरायची, तेव्हा मामा चिडवत, "मान धरंल तुझी. लाकूड पडायच्या आधी बोलतं. आपन ऐकायचं."

त्यांचा दुसरा नेम बाराच्या घंटेचा. चर्चची घंटा झाली की हातातलं काम टाकून ते क्रूसाची खूण करत. एकदा तर एका बड्या पाहुण्यांनाही त्यांनी बोलता बोलता गप्प केलं होतं.

गेल्या वर्षी आचोळ्याच्या शाळेची चाळीस मुलं आली. ती आत, मी दारात, मामा अंगण झाडत होते. घंटा झाली. मामा झाडतच राहिले. मी मागून दोनदा हाक मारली. झाडू थांबला नाही.

ज्याला घंटा ऐकू येत नाही, त्याला सकाळी खांबात काय ऐकू आलं? आत मुलं रहाटाभोवती उड्या मारत होती. ओरडले असते तर चेंगराचेंगरी झाली असती. "चला, बाहेर खाऊ आहे," मी हसून म्हटलं. शेवटचं मूल बाहेर येईपर्यंत छताकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी मामांना वाट्टेल ते बोलले. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"ईस्टरपासनं काय ऐकू येत नाय," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर मठाला टाळं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाहेरून बोलावलेल्या सुताराने छताच्या तुळईत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. मामांचा मला अजून राग येतो, आणि तितकीच मायाही वाटते.

यंदा लोखंडी गर्डर घालून मठ पुन्हा उघडला. मामा धुतलेला सदरा घालून आले आणि उंबऱ्याशीच थांबले.

"आता तू सांग बाय, येऊ का आत?"

इंजिनिअरचा दाखला माझ्या हातात होता. तरी मान हलवायला माझा धीर होईना.