ताटावरची हाक

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावाकडच्या गाड्या जालन्याच्या जिनिंगवर येतात, आणि जाताना एखादी आमच्या दारात थांबते. गाडीवान पाणी पितो, गावची खबर सांगतो, निघतो. यंदा पहिली गाडी रामाची आली. त्यानं पाणी घ्यायच्या आधीच डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं, तेव्हाच मी समजले. "बाई, थोरल्या आक्का गेल्या. चार दिस झाले." मी विचारलं, "जेवल्या होत्या का?" रामा माझ्याकडे बघतच राहिला. कोणी गेल्याचं कळल्यावर आजार काय होता, शेवटी जवळ कोण होतं, असं विचारतात. "ते मला कसं ठावं, बाई?" एवढं म्हणून त्यानं बैल हाकले. माझ्या तोंडून तोच प्रश्न का आला, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. तेराव्याला पुष्कळ जण पुष्कळ बोलले, पण ते कोणी बोललं नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कौसल्या. तीर्थपुरीच्या पुढे गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. जमीन बरी होती, खाणारी तोंडं भरपूर होती आणि राबणाऱ्या बायका दोघीच. मी पंधराव्या वर्षी त्या घरात आले तेव्हा आक्कांना तिथे आठ वर्षं झाली होती. दळण, पाणी, शेण, गड्यांच्या भाकरी, कापूस वेचणी, सगळं त्यांच्या अंगावर. पहिल्याच दुपारी मी पाहिलं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्या माजघराच्या कोपऱ्यात ताट घेऊन बसल्या, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि मान खाली घालून जेवू लागल्या. प्रत्येक घासाला ओठ हलत, आवाज नाही. तो त्यांचा नेम होता. दिवसातून एकदाच जेवायचं, मौनानं, घासागणिक देवाचं नाव घेत. आणि जेवताना कोणी हाक मारली तर ताट तिथेच सोडून उठायचं. उरलेलं गाईला. मग दुसऱ्या दुपारपर्यंत नुसतं पाणी. चातुर्मासात असे नेम पुष्कळ बायका धरतात. आक्कांचा बारमाही होता.

असा नेम घरात सगळ्यांना माहीत असला की त्याचं काय होतं, ते मी महिन्याभरात शिकले. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी कधी सुनेवर हात उचलला नाही, मोठ्यानं भांडण केलं नाही. कालवणात मीठ जास्त झालं, गाय पान्हा चोरू लागली, माहेरचा माणूस रिकाम्या हातानं आला, की त्या गप्प बसत. दुपारी आक्कांचा दुसरा-तिसरा घास झाला की ओसरीवरून आवाज यायचा, "कौसल्येऽ!"

आक्का उठायच्या, हात धुऊन ओसरीवर जायच्या. "काय आत्याबाई?"

"काय न्हाई. कुठं हाईस ते पाह्यलं."

बस, एवढंच. आमचे थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, बाजेवर पडल्या पडल्या हसायचे. "चला, एक भाकर वाचली गाईला," असं एकदा माझ्यासमोर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना ती गंमतच वाटायची. आणि तेच दीर एकादशीला बायकोच्या हातचं तीर्थ घेताना डोळे मिटायचे. गावातल्या बायका पोरांना आक्कांच्या पायावर घालायच्या. एकदा सप्ताहाला आलेल्या महाराजांनी भर कीर्तनात त्यांचं नाव घेतलं, प्रपंच करून परमार्थ कसा साधावा ते या माउलीकडे बघा म्हणून. माउली तेव्हा मागे चुलवाणापाशी सप्ताहाच्या भाकरी थापत होती.

तिसऱ्या वर्षी आक्का पोटुशी राहिल्या. दगडू तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्या आधीचं एक मूल गेलं होतं, म्हणून याचं नाव दगडू. आधीचं तापानं गेलं, असं मला सांगितलं होतं. आक्कांच्या अंगावर मांस नव्हतं. मी म्हटलं, आक्का, बाळंत होईपर्यंत नेम बाजूला ठेवा, देव काही रागावत नाही. त्या म्हणाल्या, "तू जेव बरं आधी." मला राग आला. मी विचार केला, हिला समजावून उपयोग नाही, भुकेनंच ही शुद्धीवर येईल. तीन दिवस सलग उपास पडला की आपोआप ताटावर बसून राहील, आणि एकदा मोडला की नेम संपला. माझा हिशेब मला अगदी बराबर वाटला. मी रोज दुपारी पहिल्या घासाला हाक मारली, "आक्काऽ!" त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या पुन्हा उठल्या, माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी हाक मारली तेव्हा त्यांना भिंतीला धरून उठावं लागलं. संध्याकाळी आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. खुंट्याला दोघींचे हात होते, पण ओढत मी एकटीच होते.

त्या म्हणाल्या, "आत्याबाई रागानं हाक मारत्यात, तू चांगल्यासाठी मारती. पोटाला दोन्ही सारखंच गं."

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. मी म्हटलं, असला कसला हो तुमचा देव? मग त्यांनी जातं थांबवलं आणि सांगितलं. पहिलं मूल तापानं गेलं नव्हतं. तेव्हा त्यांचा नेम वेगळा होता. सकाळची सगळी कामं उरकून त्या माळ घेऊन बसायच्या, आणि धरलेली माळ मधे खाली ठेवायची नाही, असा दंडक. मूल शेजारी गोधडीवर खेळत होतं. घरात चिंचा फोडल्या होत्या, चिंचोके इकडे तिकडे पडलेले.

"एकदा खोकल्यावाणी केलं... मंग गप झालं. मला वाटलं, निजलं. मणी थोडेच राह्यले व्हते."

मी खुंटा सोडला. त्याच पुढे म्हणाल्या, "तवापासून ठरवलं. देव सोडायचा न्हाई, पर हाक आली की बसून राह्यचं न्हाई. कोणाची बी असो, कशाला बी असो. देव बी राह्यला, घर बी राह्यलं. दोन्ही बराबर."

"आन् तुमी?" मी म्हटलं.

त्या हसल्या. खरंच हसल्या. "मी कशाला मधी?"

पुढच्या महिन्यात त्यांचं पोट पडलं. कापसाची गाठोडी उचलून पडलं, असं सगळे म्हणाले, आणि तसंही असेल. माझ्या तीन हाका त्यात किती होत्या, ते कोणा वैद्याला सांगता आलं नसतं. मी त्या माझ्याकडे ठेवल्या आहेत. त्यानंतर मी एकच केलं. दुपारी आक्का ताटावर बसल्या की मी माजघराच्या दारात सुपात काहीतरी निवडायला घेऊन बसायची. पोरांना बाहेर घालवायची, गड्याला खुणेनं परतवायची, दीर काही विचारायला आले की मीच उत्तर द्यायची. आत्याबाई म्हणायच्या, "बसली बघा शिपाईण!" मधून मधून त्या माझ्या डोक्यावरून हाक टाकायच्याच. पण मी दारात असले की त्यांना लाज वाटायची, आणि लाजेचा उपयोग झाला. चार वर्षांत आक्कांच्या अंगावर थोडं मांस चढलं. धाकटा मुलगाही झाला.

मग आमच्या यांना जालन्याला जिनिंगमध्ये नोकरी लागली. मी घर सोडून निघाले. मला जायचं होतं. त्या घराचा, शेणाचा, धाकाचा मला कंटाळा आला होता. खोटं कशाला लिहू? निघताना मी आक्कांना म्हटलं, आता दुपारी आतून कडी लावून जेवत जा. त्या म्हणाल्या, "कडी लावली तर हाक कशी ऐकू यील?" आणि माझ्या पिशवीत भाजलेल्या शेंगा घातल्या. जालन्यात मी लिहा-वाचायला शिकले, शिवण शिकले, आता मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. आक्कांची आठवण रोज यायची असं नाही. दुपारी मी शाळेत असते.

बऱ्याच वर्षांनी आत्याबाई गेल्या. मला वाटलं, सुटल्या आक्का. पण पुढच्या दिवाळीला गावी गेले तर वेगळंच पाहिलं. आत्याबाई महिन्यातून दोनदा-तीनदा हाक मारायच्या, ते ठरवून. आता मुलं मोठी झाली होती, घरात सुना आल्या होत्या, आणि कोणाच्या मनात काही नव्हतं, तरी हाका रोजच्या. "आई, कुदळ कुठं ठिवली?" "आत्याबाई, पीठ सरलं जणू!" सुनांच्या तोंडी आता आक्काच आत्याबाई. आक्का उठायच्या, कुदळ दाखवायच्या. मुलांना नेम माहीत होता. घरातली जुनी उतरंड जशी माहीत असते तसा. मी दगडूला झापलं. तो बिचारा वरमला, दोन दिवस हळू आवाजात बोलला. तिसऱ्या दिवशी अंगणातून ओरडला, "आई, माझं धोतर वाळलं का?"

गेल्या पावसाळ्यात गावोगाव लुटालुटीची, जाळपोळीची दहशत होती, लोक बायकापोरांना घेऊन कुठे कुठे जात होते. दगडूनं आक्कांना माझ्याकडे आणून सोडलं. पंधरा दिवस त्या माझ्याकडे राहिल्या. त्या दिवसांत शाळाही बंदच होती. मी घरात सगळ्यांना बजावलं होतं, आणि पंधरा दिवस आक्का रोज ताटातलं शेवटचं शीत संपेपर्यंत जेवल्या. मी दारात बसून बघायची. मला वाटलं होतं, हे बघून मला समाधान होईल. आठव्या-नवव्या दिवशी त्या हात धुताना म्हणाल्या, "तुझ्या घरात कोणी हाकच मारत न्हाई गं... घास उतरंना झालाय. तिकडं कोणी मला हुडकून राह्यलं असंल." रस्ते जरा निवळल्याबरोबर त्यांनी दगडूला बोलावून घेतलं. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

तेराव्याला मी गेले. आक्कांना हिवताप झाला होता, अठरा दिवस अंगात होता, दवा घनसावंगीहून आणली होती. जेवणं झाल्यावर दगडू मला गोठ्यात घेऊन गेला. सहा फुटी माणूस, गव्हाणीला टेकून लहान पोरासारखा उभा राहिला. शेवटच्या दुपारी आक्कांना जरा हुशारी आली होती. सुनेनं बसतं केलं, पेजेची वाटी हातात दिली. चार दिवसांत पोटात काही नव्हतं. दोन घोट त्यांनी घेतले. तेवढ्यात दगडू शेतावरून आला, आईला बसलेली पाहून त्याला आनंद झाला आणि दारातूनच तो म्हणाला, "आई, बरं वाटून राह्यलं का?" आक्कांनी वाटी खाली ठेवली. "हाय, हाय, बरं हाय," म्हणाल्या. सुनेनं वाटी पुन्हा तोंडाशी नेली, तर ओठ मिटून घेतले. पहाटे त्या गेल्या.

"काकू, म्या चांगल्यासाठीच इचारलं," दगडू म्हणाला.

एका वाटीनं माणूस वाचत नाही, एवढं मला कळतं. मी त्याला तसं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि मी पुन्हा सांगितलं नाही. तिकडे ओसरीवर कोणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, बाईनं प्रपंचही केला आणि परमार्थही केला, कशात उणं पडू दिलं नाही. ते खरंच आहे. उणं कशात पडलं, ते बघायला तिथे कोणी रिकामं नव्हतं.

परवा आम्ही दोघी मायलेकी जेवायला बसलो होतो. माझी मुलगी कमल चुलीच्या बाजूला होती, मी लांब. दूध वर येताना मला दिसलं, तिला दिसलं नाही, तिची पाठ होती. "कमल" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी उठले. मी पोहोचेपर्यंत अर्धं दूध उतू गेलं. कमल म्हणाली, "अगं, मला सांगायचंस की!" मी पातेलं उतरवलं, चूल पुसली आणि परत माझ्या ताटावर येऊन बसले. भाकरी गार झाली होती. खाल्ली.