आबांचा स्क्रू ड्रायव्हर आणि आमचं वॉशिंग मशीन

गेल्या रविवारी आमच्या सापगावच्या अंगणात वॉशिंग मशीनचं पोस्टमॉर्टम झालं. सर्जन होते माझे सासरे, आबा. नर्स मी... आणि दाराशी उभं राहून हुज्जत घालणारी नातेवाईक म्हणजे माझ्या सासूबाई.

मशीन आमचं जुनं, पुढून दार असलेलं. महिनाभर ते कपडे पिळायला लागलं की असा आवाज काढायचं, की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "गिरण टाकली का गो घरात?" मेकॅनिक आला, ड्रम हाताने हलवून बघितला आणि म्हणाला, बेअरिंग गेलंय, ड्रमसकट सगळं बदलावं लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या.

खरं सांगते, मला मनातून आनंदच झाला. मोबाईलवर नवीन मशीन बघूनही ठेवलं होतं... रंगासकट!

आबांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी मुरबाडला भाताची गिरणी चालवली, तिथल्या धडधडीत कान गेले. कानाला मशीन लावा म्हटलं की एकच उत्तर, "मला येतंय ऐकू. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता."

मग हळूहळू ते आमच्यात बसेनासे झाले. विचारलं एक आणि आपण सांगितलं भलतंच, की लोक हसतात, हे त्यांना कळायचं. जेवण झालं की ओटीवर एकटेच... मला फार वाईट वाटायचं, पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

तर मेकॅनिक गेल्यावर मी मशीन पुन्हा एकदा लावलं आणि ते थरथरताना आबांनी पाहिलं. आत जाऊन त्यांनी आपला लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. टोक मशीनच्या पाठीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. गिरणीत ते असंच तपासायचे म्हणे, आवाज हाडातून थेट आत पोचतो.

"मागलं बेअरिंग गेलंय," आबा म्हणाले. "मशीन टाकायचं नाय. मी करतो."

त्या 'मी करतो'मध्ये किती दिवसांनी जोर होता! मी मोबाईल गुपचूप बाजूला ठेवला.

रविवारी सकाळीच मशीन अंगणात आलं. आबांनी खोलायचं, मी प्रत्येक वायरचा फोटो काढायचा. टब निघाला, त्याचे दोन भाग वेगळे झाले, पण ड्रमचा दांडा काही बेअरिंग सोडेना. मी हातोडी पुढे केली तर आबा खवळलेच. "लोखंडावर लोखंड मारायचं नाय गो बाय!"

मग सासूबाईंचं मुसळ बाहेर आलं. लाकडी बाजूने चार ठोके... आणि दांडा सुटला. सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा होता, नेमका तोच फोटो काढायचा राहिला.

शहापूरहून नवीन बेअरिंग आणि सील आणलेलं होतं. इथे आबांनी घोळ घातला. गिरणीच्या सवयीने त्यांनी नव्या बेअरिंगचं रबरी झाकण उचकटलं आणि आपल्या डब्यातलं पिवळं ग्रीस ठासून भरलं. झाकण वाकलं, ते पुन्हा बसेना. बेअरिंग वाया!

आबा फडक्याने हात पुसत बसले, पुसून झाले तरी पुसतच राहिले. मला वाटलं, झालं... आता हे पुन्हा ओटीवर जाऊन बसणार, ते कायमचेच.

मी स्कूटी काढली आणि शहापूरला जाऊन दुसरं बेअरिंग आणलं. थेट त्यांच्या हातात दिलं. या वेळी त्यांनी झाकणाला हात लावला नाही. उलट, थंड केलं की जरा आकसतं आणि सहज बसतं, म्हणून मला ते फ्रीजरमध्ये ठेवायला लावलं. सासूबाईंच्या बोंबलांच्या पिशवीशेजारी! हुज्जत पुन्हा सुरू...

संध्याकाळी सगळं जोडून झालं. एकही स्क्रू उरला नाही, मी दोनदा बघितलं. मशीन लावलं... पिळायला लागलं... आणि नुसती हलकी घरघर! मी टाळ्याच वाजवल्या.

पण आबांचा आमच्या कानांवर विश्वास कुठला! त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले आणि मग हसले. "गोड फिरतंय."

सासूबाईंना चेव आला. "जरा माझंपन बेअरिंग बघा," म्हणत त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक धरलं आणि स्वतःच्या हनुवटीला टेकवलं. मूठ अजून आबांच्या कानामागेच होती. आणि रोजच्या सवयीने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "च्या घेता काऽऽ?"

आबा दचकून मागे सरले. "वरडतेस कशाला गो? हळू बोल ना!"

इतक्या वर्षांत त्यांना 'हळू बोल' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सासूबाईंनी टोक पुन्हा हनुवटीला लावलं. अगदी हळू, नव्या नवरीने विचारावं तसं विचारलं, "च्या घेता का?"

"घेतो," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही. हसू आणि रडू दोन्ही एकदमच येत होतं.

सोमवारी सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून आपणहून दारात उभे. शहापूरला कान तपासून आलो, आठवडाभरात कानाचं मशीन मिळेल. तोवर तो स्क्रू ड्रायव्हर सासूबाईंनी धुऊनपुसून चहाच्या डब्याशेजारी ठेवलाय.

इतकी वर्षं आम्ही सगळे लांबूनच आवाज वाढवत राहिलो... जवळ जाऊन बसायचं कुणाला सुचलंच नाही. थँक्यू आबा. परवा तुमच्याशी तासभर गप्पा मारल्या, माझी हनुवटी अजून दुखतेय!