सुटलेलं नाव

लकडगंजात माझ्या दुकानाच्या वर एक गृहस्थ वेबसाइटची नावं नोंदवून देतात. कुठलंही नाव टाइप करण्याआधी ते एकदा हळूच उच्चारून पाहतात.

एकदा मी तिथे बसलो असताना त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आलं. शेजारच्या म्हाताऱ्या लाकूडवाल्याच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपली होती. तेच नाव या शेटजींना स्वतःसाठी हवं होतं.

"कायद्यात बसते ना? मग काहून थांबून राहिले?" शेटजींनी विचारलं.

त्यांनी शेटजींसमोरच म्हाताऱ्याला फोन लावला. "काका, तुमचं नाव सुटून राहिलं. लवकर वर या, आधी ते वाचवू."

"माझं सगळं काम आता दुसरीकडे," शेटजी उठले.

त्यांनी मान हलवली आणि शेटजींसाठी दार उघडून धरलं. एवढं मोठं गिऱ्हाईक गमावताना इतका निवांत चेहरा मी आजवर पाहिला नव्हता.