जाधव मॅडमची गॅलियार्ड

जाधव मॅडमसमोर कुणी मांडी घालून ऐकायला बसलं, की त्या वाजवणं थांबवायच्या. "उठा. हे नाचाचं आहे. बसायचं असेल तर प्रवचनाला जा." पाहुणा असो नाहीतर सोसायटीचा चेअरमन, सूट कुणालाच नव्हती.

अंबरनाथ पूर्वेला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या आणि मोबाईलवर बघून ल्यूट शिकायला लागल्या. ल्यूट म्हणजे अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं, जोडतारांचं युरोपातलं जुनं वाद्य. मॅडमचं मात्र उल्हासनगरचं. कॅम्प चारमधल्या एका सिंधी फर्निचरवाल्याने चित्रं बघून बनवलेलं. त्यावर त्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या नाचांच्या धुना वाजवायच्या. आधी मिरवणुकीसारखी संथ पावान, मग उड्या मारत येणारी गॅलियार्ड. आवाज इतका नाजूक, की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी थांबावं लागे.

"हे गोऱ्या राजेरजवाड्यांचं. आपला काय संबंध?" चेअरमननी एकदा विचारलं.

मॅडम उसळल्या. "संबंध कोण ठरवणार, तुम्ही? आमच्या आज्याला चावडीसमोरून चप्पल घालून जायची बंदी होती. आता मी राजाच्या नाचावर पण नाचणार. काय करायचं ते करा!"

मग मुंबईच्या एका संगीत मंडळाचं बोलावणं आलं. मॅडम हरखल्या. एकदा तरी खऱ्या हॉलमध्ये, जाणकारांसमोर वाजवायचं होतं त्यांना. पलंगावर साड्यांचा ढीग पडला. पण संयोजकबाईंनी फोनवर बजावलं, "आमचे श्रोते दर्दी आहेत, शांत बसून ऐकतात. नाचबिच नको हं."

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या. "बिर्याणीचा नुसता वास घेऊन घरी जाणारी पब्लिक आहे ही. तू बिल्डिंगमधल्या बायकांना गोळा कर. नाचायचंच."

आम्ही गच्चीवर तालीम केली. चार पावलं आणि मग उडी. आमचे पाय जयंतीच्या मिरवणुकीत तयार झालेले, त्यामुळे उडी जरा दणकट पडायची. पण गच्चीच्या सिमेंटवर, अनवाणी, कुणाला काही जाणवलं नाही.

हॉलमध्ये पावान छान झाली. टाळ्या पडल्या. गॅलियार्ड सुरू झाली आणि आम्ही पदर खोचून स्टेजवर चढलो. स्टेज लाकडाचं, आतून पोकळ. पहिल्याच उडीला असा धडाम आवाज झाला, की ल्यूट त्यात बुडालीच. संयोजकबाई विंगेतून ओरडल्या, "थांबवा! वाद्य ऐकू येत नाहीये!" आम्ही घाबरून थबकलो.

"थांबलात तर बघा!" वाजवता वाजवताच मॅडम गरजल्या. "मारा उडी!"

शेवटपर्यंत नाचलो. दर्दी श्रोत्यांनी फक्त आमची धडधड ऐकली, आणि त्या मंडळाने मॅडमना पुन्हा कधी बोलावलं नाही. मला मात्र त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला, की येताना मी वाटभर त्यांचा हात सोडला नाही.

मॅडम गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मनात होतं ते मी विचारून टाकलं. "मॅडम, एवढा हॉल मिळाला आणि तुमचं वाजवणं कुणाला ऐकूच गेलं नाही. वाईट नाही वाटलं?"

त्यांनी डोळे वटारले. "तुमचा ताल चुकला होता का?"

"नाही."

"एकीचा तरी?"

"नाही, मॅडम."

"मग? ऐकू आलं ना!"