मानेचा एमआरआय आणि सोबतीचे माणूस

लिहिण्याजोगे आयुष्य जगलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नाही, याची मला जाणीव आहे. नोकरीभर मी वनस्पतिशास्त्र शिकवले. जे लिहिले ते फळ्यावर, आणि तेही पुढच्या तासाला कोणीतरी पुसून टाकावे म्हणून. निवृत्तीनंतर लेखणी हाती घेणे हा आगाऊपणा आहे, आणि विषय म्हणून स्वतःची मान निवडणे हा त्याहून मोठा. ज्या वर्षांविषयी मी लिहिते आहे त्या वर्षांत माणसांनी काय सोसले ते मी जवळून पाहिले आहे. त्यापुढे माझे दुखणे कोणाला सांगावे असेही नव्हते. वाचकांनी क्षमा करावी आणि जमल्यास पुढे वाचावे.

शहराचे नाव तेव्हा जुनेच होते. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि तरीही शहर वाढत होते. हर्सूलच्या पुढे, जिथे माझ्या लहानपणी ज्वारी उभी असे, तिथे इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या बांधकामाला टँकर येत, आणि त्यांत राहायला आलेल्या आम्हां लोकांनाही टँकरच येत. आई गेल्यावर गुलमंडीमागचे भाड्याचे घर सोडून मी तिथे एक फ्लॅट घेतला होता. मजल्यावरच्या इतर दारांना बहुधा कुलपे असत. मालक पुण्याला, नाहीतर परदेशात. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की दूरवर तलावाच्या आटलेल्या पात्रात मेंढ्या बसलेल्या दिसत. एखादी हलली की मला बरे वाटे.

मान त्या उन्हाळ्याच्या आधीपासूनच दुखत होती. आमच्या विषयात सूक्ष्मदर्शकावर वाकणे सुटत नाही. शिवाय देठाचा पातळ छेद ब्लेडने हातानेच घ्यावा लागतो. माझा छेद पातळ येतो, अशी कॉलेजात थोडी ख्याती होती. एके दिवशी प्रात्यक्षिकाच्या तासाला डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या आल्या, देठ निसटला आणि ब्लेड बोटाला लागले. मुलींनी बोट बांधून दिले. मग मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले.

एक्स-रे चांगला निघाला. डॉक्टरांनी तो प्रकाशाच्या पेटीवर लावला आणि म्हणाले, "हाडं व्यवस्थित आहेत. पण मॅडम, एक्स-रेत हाडंच दिसतात. दोन मणक्यांमधली जी मऊ चकती असते, ती यात दिसत नाही. तिची झीज सुरू झाली असली तरी हाडांवर खूण उमटायला वर्षं जातात. एमआरआय केला तर आत्ताच कळेल."

त्या दिवशी पुण्याला धाकट्या भावाला फोन केला. तो मनाने चांगला आहे. फक्त त्याला वेळ नसतो. आईच्या वर्षश्राद्धाला आला होता, त्यानंतर त्याचे येणे झाले नव्हते.

"ताई, करून टाक एमआरआय," तो म्हणाला. "काही निघालं तर मी लगेच गाडी काढतो. तुला इकडेच घेऊन येतो, चांगली महिनाभर ठेवून घेतो. तिकडं पाण्याचे हाल, एकटी बादल्या उचलत बसतेस."

"आणि नाही निघालं तर?"

"नाही निघालं तर मग प्रश्नच मिटला."

फोन ठेवला. काहीतरी निघावे, असे मला वाटत होते. फार मोठे नको, ऑपरेशनचे नको. पण गाडी काढावी एवढे तरी निघावे. शिकलेल्या बाईने असे मनात आणू नये, हे कळत होते. तरीही तपासणीच्या दिवसापर्यंत मी पाहुण्यांची खोली आवरून ठेवली आणि त्याला आवडतात म्हणून ज्वारीचे पापड गच्चीवर वाळवले.

तपासणी केंद्र जालना रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीच्या तळघरात होते. खिडकीशी बसलेल्या कर्मचाऱ्याने माझे कागद पाहिले आणि मान वर न करता विचारले, "साथ में कौन है, मॅडम? सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

"असं नाही चालत. दागिने, मोबाइल, सगळं सोबतच्या माणसाकडं द्यावं लागतं. आत लोखंडाचा कण चालत नाही. कुणाला तरी बोलावून घ्या, तोवर पुढचा नंबर घेतो."

कोणाला बोलवावे, याचा मी खरोखरच विचार केला. कॉलेजातल्या कोणाला सांगितले असते तर ते आले असते. पण फोन करून 'माझ्या बांगड्या सांभाळायला ये' असे म्हणायचे कसे, हे मला सुचेना. मी बाकावर जाऊन बसले. शेजारी एक धनगराची बाई होती, माझ्याहून बरीच लहान. तिच्या मांडीवर डोके टेकून तिची सासू पडली होती.

"ह्या बाईला कुनीच नाय का गं?" सासूने डोळे मिटल्या मिटल्या विचारले.

"हळू बोला, आत्याबाई. ऐकू जातंय त्यास्नी." मग ती माझ्याकडे वळली. "द्या माझ्याकडं. मी बसते धरून."

"अहो, तुम्हांला कशाला त्रास?"

"मी पळून जाईन व्हय? माझी समदी मेंढरं हर्सूलच्या तळ्यात बसल्यात. त्यास्नी टाकून कुठं जाती मी?"

माझ्या गॅलरीतून दिसणाऱ्या मेंढ्या तिच्या होत्या. हे तिला सांगावे असे वाटले, पण धीर झाला नाही. तेवढ्यात ती उठून खिडकीशी गेलीसुद्धा.

"मी हाय ह्यांच्यासंगं."

कर्मचाऱ्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्या इस्त्रीच्या सुती साडीकडे. "तुम्ही यांच्या कोण?"

"बहीन."

"सख्खी?"

"मग काय सावत्र दिसते का?"

सासू पदराआड हसली. कर्मचाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिले आणि मला आत जायला सांगितले. कुड्या, बांगड्या, घड्याळ, मोबाइल, केसांतल्या पिना, पदराची पिन, असे एकेक काढून मी त्या बाईच्या ओंजळीत ठेवत गेले. तिने ते पदराच्या टोकात बांधले आणि गाठ कमरेला खोचली.

आत त्यांनी मला साडीऐवजी त्यांचा झगा घालायला लावला, अरुंद फळीवर झोपवले, कानांत बोळे दिले, मानेभोवती आणि चेहऱ्यावर जाळीसारखे कवच बसवले. हातात रबरी फुगा दिला. काही वाटले तर दाबा, म्हणाले. "हलू नका. शक्यतो आवंढाही गिळू नका." फळी बोगद्यात सरकली आणि ठोकाठोक सुरू झाली, शेजारच्या इमारतीत फरश्या बसवत असावेत तशी. मला भीती वाटली नाही. इतक्या दिवसांत कोणी माझ्याकडे इतके बारकाईने पाहिले नव्हते, हा विचार मात्र आला. आणि मग सगळा वेळ तो एकच विचार: काहीतरी दिसू दे.

मी आतल्या खोलीत साडी नेसत असताना केंद्रातल्या डॉक्टरांनी बाहेर निरोप धाडला, "मघाच्या मॅडमच्या सोबत कोण आहे, त्यांना पाठवा." आपल्याकडची रीतच अशी आहे. रोग्याला काही सांगायचे नाही. सोबतच्या माणसाला बोलावून सगळे सांगायचे. त्यामुळे माझ्या मानेत काय आहे, हे सर्वांत आधी त्या धनगराच्या बाईला कळले. मी बाहेर आले तेव्हा ती डॉक्टरांच्या खोलीतून येत होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"कायी नाय, ताई. भ्याचं कायी नाय. मनक्याच्या मधी गाद्या असत्यात म्हनं. तुमच्या बाकीच्या पांढऱ्याधोप हायेत, नुसत्या दोन काळवंडल्यात. त्यातलं पानी कमी झालंय. आत्ताशी सुरवात हाय म्हनला डागदर. आपरेशन-बिपरेशन कायी नाय. मान लई वेळ खाली घालायची नाय, सांगत्यात तेवढा व्यायाम करायचा. पेढं द्या आता."

तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"तोंड का उतरलं मग?"

"नाही, नाही. आनंदच झाला."

"असा आनंद मी नाय बघितला बाई," ती म्हणाली, आणि पदराची गाठ सोडू लागली. बाकीचे सगळे परत करून शेवटी तिने कुड्या माझ्या हातावर ठेवल्या. मग त्या मला नीट घालता येईनात, मुंग्या येत होत्या, तेव्हा तिनेच माझ्या कानांत घातल्या. तिच्या बोटांना लोकरीचा वास होता. सासूचा पुकारा झाला तशी ती लगबगीने तिला उठवून आत घेऊन गेली.

डॉक्टरांनी नंतर मलाही चित्र दाखवले. मणक्यांची उतरंड, आणि मधल्या चकत्या. निरोगी चकतीत पाणी भरपूर असते, म्हणून ती या चित्रात उजळ दिसते. पाणी घटले की करडी होत जाते. माझ्या दोन करड्या होत्या, आणि खालची किंचित फुगून मज्जातंतूच्या वाटेकडे सरकली होती. बोटांच्या मुंग्या तिथूनच येत होत्या. पाणी उतरले की पेशीचा ताठा जातो, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले होते. "वेळेवर आलात. एक्स-रेवर विसंबला असता तर कळलंच नसतं," डॉक्टर म्हणाले. ते प्रामाणिकपणे माझे अभिनंदन करत होते.

जिन्याने वर आले. रस्त्यावर ऊन होते, टँकरांची रांग सिग्नलला थांबली होती. भावाचाच फोन आला.

"काय झालं, ताई? काही निघालं का?"

"दोन चकत्यांची झीज सुरू झाली आहे म्हणतात. अगदी सुरुवात आहे."

"म्हणजे ऑपरेशन वगैरे?"

"नाही. व्यायाम सांगितला आहे."

"अगं, मग हे तर सगळ्यांनाच असतं. माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना आहे. सुटलो बघ. मी आज रजाच टाकणार होतो."

रजा टाकणार होता, एवढे ऐकून मला भरून आले. 'टाक', एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो मोडता घालणारा नाही, आला असता. पण मला काहीही झालेले नव्हते. धडधाकट बाईने कोणत्या कारणाने रजा टाकायला सांगावे?

"कशाला उगीच," मी म्हणाले. "मुलांच्या परीक्षा असतील."

"तेच ना. दिवाळीत बघू काहीतरी. मानेला जप."

त्या दिवाळीला त्याला जमले नाही. व्यायाम मी नेमाने केला. मुंग्या पुढे थांबल्या आणि छेदही पुन्हा पातळ येऊ लागले. वेळेवर कळल्याचा तो फायदा मी नाकारत नाही. पुढच्या वर्षी पाऊसही बरा झाला. भावाचा फोन आला की तो आधी मानेची चौकशी करतो आणि मी ठीक आहे असे सांगते. तेही खरेच असते. मग बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

माझ्यापेक्षा माणसांत अधिक वावरलेले वाचक असतील, म्हणून विचारते: प्रकृती अगदी ठीक असताना, आपल्या माणसाला 'ये' असे तुम्ही कसे सांगता?